मका आमचा, टाकी आमची. मग हुकूम कुणाचा?



जुलैत पावसाने चार दिवस उघडीप दिली. कपाशीवर तुडतुडे दिसू लागले. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या एका जुन्या कार्यकर्त्याने माळ्यावर ठेवलेला पेट्रोलचा फवारणी पंप खाली काढला आणि दोरी ओढली. पंप बोलला नाही. वीस-पंचवीस वेळा ओढल्यावर तो फुरफुरला, दोन मिनिटे चालला आणि जो थांबला तो थांबलाच. मागच्या ऑक्टोबरात शेवटची फवारणी झाली तेव्हा हाच पंप धडधाकट होता. मिस्त्रीने टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत उतरवले आणि उजेडासमोर धरले. बाटलीत दोन थर. वर पिवळट, खाली गढूळ. मिस्त्री म्हणाला, "नाना, हाई पेट्रोल शे का पाणी शे?"

नाना पंपावर गेले. पंपवाला म्हणाला, पाणी तुमच्याच टाकीत शिरले असेल. फवारणी पंप विकणारा म्हणाला, इंजिन जुने झाले, नवे घ्या. आणि जाणती माणसे म्हणाली, नाना, हे इथेनॉलचे पेट्रोल, हे तर शेतकऱ्याच्या हिताचे, तुम्हीच कशी तक्रार करता? तिघांनी हात झटकले. दुरुस्तीचे पैसे नानांनी दिले आणि उघडिपीचे चार दिवस गेले ते गेलेच. तुडतुडे काही मिस्त्रीची वाट पाहत थांबत नाहीत.

हा प्रश्न एका पंपाचा असता तर आम्ही त्यावर या पत्रकाची पाने खर्च केली नसती. पण जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक बैठकीत आता हा विषय निघतो. कुणाची मोटारसायकल, कुणाचे गवत कापायचे यंत्र, कुणाचा पॉवर वीडर. म्हणून एकदा मुळापासून समजून घेऊ की टाकीत पेट्रोलचे नेमके होते काय, त्यात इथेनॉलने काय बदलले, आणि शेतकऱ्याचे नाव घेऊन शेतकऱ्याच्याच माथी काय मारले जात आहे.

पेट्रोल शिळे होते

धान्याला कीड लागते, तेल खवट होते, तसे पेट्रोलही शिळे होते. पेट्रोल म्हणजे एक पदार्थ नव्हे, शेकडो द्रवांची भेसळ आहे. त्यातले काही तीस-पस्तीस अंशांतच उकळतात, काही दोनशे अंशांपर्यंत टिकतात. हलके असतात ते थंड इंजिनात पहिला भडका धरतात. म्हणजे गाडी एका किकमध्ये सुरू होते ती या हलक्या भागामुळे. आणि उडून जातो तोही हाच भाग.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या टाकीचा पत्रा त्याहून तापतो. पेट्रोल तापले की फुगते, अंशामागे साधारण हजारात एक या हिशोबाने. दहा लिटरच्या टाकीत वीस अंशांचा फरक पडला तर जवळपास पाव लिटरने. टाकीच्या झाकणाला श्वासाचे भोक असते. दिवसा त्यातून पेट्रोलची वाफ बाहेर जाते, रात्री टाकी थंड झाली की बाहेरची हवा आत येते. टाकी अशी रोज श्वास घेते. प्रत्येक श्वासाला थोडा जीव बाहेर जातो आणि थोडी दमट हवा आत येते. महिना-दोन महिन्यांनी टाकीत पेट्रोल दिसते, वासही येतो, पण पहिला भडका धरणारा भाग उडालेला असतो.

दुसरी गोष्ट. आत आलेल्या हवेतला प्राणवायू पेट्रोलमधल्या काही घटकांशी हळूहळू जुळतो आणि त्यातून डिंकासारखा चिकटा तयार होतो. उष्णता असेल, तांबे-पितळ लागत असेल, तर हे काम लवकर होते. पेट्रोलचा रंग गडद होतो, वास वार्निशासारखा येतो. टाकीत हा चिकटा फारसा दिसत नाही. पण कारबोरेटरच्या जेटचे भोक सुईच्या टोकाएवढे असते. त्यात केसाएवढा थर बसला तरी इंजिन उपाशी मरते. तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघताना पेट्रोलची या डिंकासाठी परीक्षा होते. पेट्रोल ताजे असते, परीक्षा पास होते. त्यानंतर ते कुठे, किती दिवस, किती उन्हात पडून राहिले याची परीक्षा कुणी घेत नाही.

हे सगळे इथेनॉल येण्याआधीही होत होते. आम्हाला खोटे बोलायचे नाही. नानांच्या पंपात शुद्ध पेट्रोल असते तरी आठ महिन्यांनी पंपाने त्रास दिलाच असता. पण तो त्रास कारबोरेटर धुऊन सुटला असता. बाटलीत दोन थर दिसले ते मात्र इथेनॉलचे काम.

पाण्याचे गणित बदलले

साध्या पेट्रोलमध्ये पाणी जवळपास विरघळतच नाही. चार थेंब पाणी गेले तर ते तळाशी बसायचे. मिस्त्री खालचा स्क्रू ढिला करून ते काढून टाकायचा आणि गाडी चालू लागायची. इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, आणि अल्कोहोलची पाण्याशी जुनी मैत्री. दहा टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल शेकडा अर्धा भाग पाणी पोटात घेते. म्हणजे दहा लिटरच्या टाकीत एका कटिंग चहाएवढे. वीस टक्के इथेनॉल असले तर त्याहून जास्त. तोवर दिसत काहीच नाही. गाडीही चालते. म्हणूनच काही जाणकार सांगतात की इथेनॉल पाणी जिरवते, उलट चांगलेच. अर्धे खरे आहे.

उरलेले अर्धे असे, की हद्द ओलांडली, किंवा रात्री गारठा पडून तीच हद्द कमी झाली, की पाणी एकटे खाली बसत नाही. ते इथेनॉललाही ओढून घेऊन बसते. दहा लिटरमध्ये इथेनॉलच दोन लिटर. म्हणजे कपभर पाण्यामुळे तळाशी लिटर-दीड लिटरचा थर होऊ शकतो. इंजिनाला जाणारी नळी तळाशीच असते. इंजिन हाच थर ओढते आणि बंद पडते. वर उरलेले पेट्रोलही आता कमी प्रतीचे, कारण त्याची ताकद धरून ठेवणारे इथेनॉल खाली गेले.

टू-स्ट्रोक इंजिनाचे मरण याहून वाईट. पाठीवरचे बरेच पंप आणि गवत कापायची यंत्रे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालतात. दोन थर झाले की ऑइल वरच्या पेट्रोलबरोबर राहते. खालच्या थरात ऑइल नसते. इंजिन खालचा थर ओढते, कोरडे फिरते आणि पिस्टन जाम होतो. त्याला कारबोरेटर धुऊन भागत नाही. सिलिंडर-पिस्टनचा खर्च येतो.

हवेतली दमट वाफ शोषून इतके पाणी जमायला बरेच महिने लागतात, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चालू मोटारसायकलमध्ये पेट्रोल तितके दिवस राहतच नाही. मग चालू गाडीत पाणी येते कुठून? एक, पावसात उभ्या गाडीच्या झाकणाची रबरी चकती गेलेली असते तिथून. दोन, कॅन आणि बाटल्यांतून. तीन, पेट्रोल पंपाच्या जमिनीखालच्या टाकीतून. पहिल्या दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. तिसरी नाही. पूर्वी पंपाच्या टाकीत पाणी शिरले की मोजपट्टीला पेस्ट लावून ते लगेच कळायचे, कारण पाणी वेगळे बसायचे. इथेनॉल आल्यावर पाणी आधी विरघळून लपते आणि नंतर अल्कोहोलबरोबर खाली बसते. त्यासाठी वेगळी पेस्ट लागते आणि पावसाळ्यात रोज बघावे लागते. ही काळजी घेणारे पंपवाले आहेत, त्यांना आमचा नमस्कार. न घेणाऱ्यांचे पाणी मात्र गिऱ्हाईक विकत घेते, आणि तेही पेट्रोलच्या भावाने.

इंडियाची टाकी, भारताची टाकी

हे धोरण ठरवणाऱ्याची गाडी नवी असते. दर आठवड्याला टाकी रिकामी होते, दर आठवड्याला ताजे पेट्रोल भरले जाते. त्याच्या टाकीत पेट्रोल म्हातारे होतच नाही. त्याच्या दृष्टीने सगळे आलबेल.

आपल्याकडे काय आहे? फवारणीचा पंप जुलै ते ऑक्टोबर चालतो आणि आठ महिने माळ्यावर बसतो. त्यातच खानदेशचा उन्हाळा येतो. लहान इंजिनांच्या पुस्तिकांत साधारण महिनाभरापेक्षा जास्त पेट्रोल टाकीत ठेवू नका असे लिहिलेले असते. इंग्रजीत लिहिलेले असते. मोटारसायकल दहा-पंधरा वर्षांची. तिच्या रबरी नळ्या, कारबोरेटरची वॉशर, जस्ताच्या मिश्रधातूचे भाग हे सगळे २० टक्के इथेनॉल येण्याआधीच्या हिशोबाने बनलेले. इथेनॉल रबर फुगवते. पाणी धरलेले इथेनॉल धातू खाते. जुन्या टाकीच्या तळाशी बसलेला गाळ ते सोडवते आणि फिल्टर तुंबतो.

देशात २० टक्क्यांच्या हिशोबाने सामान बदललेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. २० टक्के मिश्रणाचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ मध्ये काही पंपांवर सुरू झाले आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पोचले. म्हणजे गाड्या बदलायला सरकारने आपल्याला दोन वर्षे दिली! ज्याच्या घरी एक गाडी पंधरा वर्षे चालवतात त्याला दोन वर्षे. ऑगस्ट २०२५ मध्ये पेट्रोलियम खात्याने सांगितले की काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागतील, पण तो खर्च किरकोळ आहे. किरकोळ कुणाला? ज्याच्या कापसाचे पैसे अजून जिनिंगवाल्याकडे अडकले आहेत त्याला?

हे सगळे अचानक आले असेही नाही. इथेनॉल मिसळण्याचा पहिला प्रयोग २००१ साली झाला तो आपल्या शेजारी मनमाडला आणि मिरजेला. त्यानंतर वीस-बावीस वर्षे हाताशी होती. इंजिने बदलता आली असती, पंपांच्या टाक्या तपासता आल्या असत्या, मराठीत चार ओळींचे पत्रक काढून शेतकऱ्याला सांगता आले असते की हंगाम संपला की पंपाची टाकी रिकामी करा. यातले काही झाले नाही. जून २०२२ मध्ये दहा टक्के गाठले, २०३० चे वीस टक्क्यांचे उद्दिष्ट पाच वर्षे अलीकडे ओढले, आणि पुढे २७ टक्क्यांचीही भाषा सुरू झाली. उंटावरून शेळ्या हाकणे यालाच म्हणतात.

कमी देऊन पूर्ण पैसे

आता मापाचा प्रश्न. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. वीस टक्के इथेनॉल म्हणजे लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा कमी. हे आमच्या मनाचे नाही. नीती आयोगाने जून २०२१ मध्ये जो आराखडा काढला त्यातच लिहिले आहे की जुन्या हिशोबाच्या मोटारींचे ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी आणि दुचाकींचे तीन-चार टक्क्यांनी घटेल. त्याच आराखड्यात पुढे सुचवले होते की असे पेट्रोल स्वस्त विकावे आणि जुन्या गाड्यांसाठी दहा टक्क्यांचे पेट्रोल चालू ठेवावे. सरकारने आराखड्यातले टक्के उचलले आणि शेतकऱ्याच्या सोयीची पाने फाडून टाकली.

हिशोब करा. महिन्याला पंधरा लिटर जाळणारी मोटारसायकल वर्षाला १८० लिटर पिते. साडेतीन टक्के म्हणजे सहा लिटरच्या वर. लिटरला शंभर रुपये धरले तरी वर्षाला सहाशे रुपये. बाजार समितीत काट्याखाली कुणी शंभर किलोमागे तीन किलो मारले तर आपण काटा बंद पाडतो. इथे काटा सरकारचा आहे म्हणून गप्प बसायचे?

सरकारचे उत्तर तयार आहे. इथेनॉल स्वस्त नाहीच. जुलै २०२५ अखेर ते वाहतूक आणि कर धरून सरासरी ७१ रुपये ३२ पैसे लिटरने पडत होते, कारखान्यातल्या पेट्रोलपेक्षाही महाग. मग पेट्रोल स्वस्त कसे विकायचे? आम्ही म्हणतो, बरोबर. वस्तू महाग आहे, ताकदीला कमी आहे, आणि गिऱ्हाईकाला न विचारता विकली जाते. असा धंदा आमच्या गावातल्या किराणा दुकानदाराने केला असता तर त्याला आपण काय म्हटले असते?

शेतकऱ्याच्या नावावर

इथे येऊन प्रत्येक वाद थांबवला जातो. "हे सगळे शेतकऱ्यासाठी आहे." पुण्या-मुंबईत कुणाची मोटार बंद पडली की तोही शिव्या देतो त्या शेतकऱ्याला आणि साखर कारखान्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी.

आमची भूमिका स्पष्ट आहे. इथेनॉलला आमचा विरोध नाही. शेतात पिकलेल्या मालापासून इंधन व्हावे, आखाताच्या तेलाऐवजी आपल्या मक्याला, उसाला, सडक्या धान्याला बाजार मिळावा, हे आम्हाला हवेच आहे. खानदेशात रब्बीचा मका मोठा. २०२३-२४ पासून देशात इथेनॉलचा सर्वांत मोठा कच्चा माल मका आहे. मग मक्याचे सोने झाले का?

तेल कंपन्या मक्याच्या इथेनॉलला लिटरला ७१ रुपये ८६ पैसे असा ठरलेला भाव देतात. एका क्विंटल मक्यातून साधारण ३८ लिटर इथेनॉल निघते. म्हणजे २,७३० रुपयांचे. शिवाय उरलेला चोथा पशुखाद्यात विकला जातो तो वेगळा. २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव २,४०० रुपये. आणि २०२५ च्या खरिपाचा मका बाजारात आला तेव्हा कर्नाटकात भाव २,००० च्याही खाली घसरले, शेतकरी रस्त्यावर आले. आपल्या बाजार समितीची पट्टी ज्याने त्याने खिशातून काढून पाहावी. डिस्टिलरीचा भाव कागदावर बांधलेला, शेतकऱ्याचा भाव वाऱ्यावर सोडलेला. तेल कंपनी डिस्टिलरीला देते ते सगळे "शेतकऱ्यांना दिले" म्हणून भाषणात मोजले जाते. २०२५ मध्ये सांगितले गेले की त्या एका वर्षात शेतकऱ्यांना ४० हजार कोटी रुपये मिळतील. ज्या पट्टीवर ते दिसतात ती पट्टी आम्हाला दाखवा.

शिवाय मक्याचा भाव जरा वर आला की काय झाले? २०२४ मध्ये परदेशातून मका आला. सरकारी गोदामातला तांदूळ डिस्टिलऱ्यांना २,२५० रुपये क्विंटलने दिला, सरकारला पडलेल्या खर्चापेक्षा कितीतरी खाली. मक्याला स्पर्धक उभा केला तो सरकारी तिजोरीतून. आवळा देऊन कोहळा काढायचा हा प्रकार आहे.

जबरदस्तीचा बाजार टिकत नाही

आमचेच काही भाऊ विचारतात, सक्ती उठवली आणि लोकांनी साधे पेट्रोल घेतले तर मक्याचा उरलासुरला भावही जाईल, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर ७ डिसेंबर २०२३ च्या हुकुमात आहे. त्या दिवशी केंद्र सरकारने एका आदेशाने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. साखरेचे भाव वाढतील ही भीती. कारखान्यांनी कर्जे काढून डिस्टिलऱ्या उभारल्या होत्या, सरकारच्याच सांगण्यावरून. आठवड्याने १७ लाख टन साखरेपुरती सूट दिली. बंधने उठली ती पुढच्या हंगामासाठी, ऑगस्ट २०२४ मध्ये. हुकुमाने उभा केलेला बाजार हुकुमाने मोडतो. पांझरा-कान, शिरपूर, वसंत या कारखान्यांची धुराडी थंड पडलेली ज्यांनी पाहिली त्या खानदेशला हे वेगळे शिकवायला नको. आपला मका गिऱ्हाईकाच्या खुशीवर विकला गेला पाहिजे. सरकारच्या मर्जीवर नव्हे.

आणि हे होऊ शकते. ब्राझीलने १९७५ साली उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम सुरू केला. तिथेही पेट्रोलमध्ये सक्तीचे मिश्रण आहे, ऑगस्ट २०२५ पासून तीस टक्के. पण त्याच पंपावर निव्वळ इथेनॉल वेगळ्या नळीतून, वेगळ्या भावाने मिळते. २००३ पासून तिथे दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या विकल्या जातात. गिऱ्हाईक पाटी पाहतो. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल भरतो, नसेल तर नाही. तिथल्या ऊस शेतकऱ्याचा माल गिऱ्हाईक हिशोब करून घेतो. आपल्याकडे गिऱ्हाईकाला आपण काय भरतो हेच कळत नाही. पुष्कळ ठिकाणी नळीवर ठळक आकडा नाही. निवड नाही. या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली होती, ती १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली गेली. न्यायालयाचा मान राखून आम्ही म्हणतो, मग हा प्रश्न लोकांच्या दारात न्यावा लागेल.

आमच्या मागण्या

जिल्हा बैठकीपुढे आम्ही हा ठराव ठेवत आहोत.

१. प्रत्येक पेट्रोल पंपाच्या प्रत्येक नळीवर इथेनॉलचे टक्के मराठीत, दुरून वाचता येतील असे लिहावेत.

२. प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर जुन्या गाड्या, फवारणी पंप आणि लहान इंजिने यांच्यासाठी दहा टक्क्यांचे किंवा साधे पेट्रोल मिळावे.

३. ऊर्जा जितकी कमी तितका भाव कमी. माप लिटरचे असले तरी दाम कामाचे.

४. पावसाळ्यात जमिनीखालच्या टाकीतल्या पाण्याची रोज योग्य पेस्टने तपासणी व्हावी आणि निकाल पाटीवर लिहावा. दोन थरांचे पेट्रोल विकले गेले तर दुरुस्तीचा खर्च विकणाऱ्याने द्यावा.

५. इथेनॉलवर अचानक बंदी, मक्याची आयात आणि सरकारी तांदळाची स्वस्त विक्री हे तिन्ही हत्यार शेतकऱ्याविरुद्ध वापरणे बंद करावे. शेतकऱ्यांच्या कंपन्यांना इथेनॉल करून थेट पंपावर विकायची मुभा द्यावी.

तोवर आपण काय करायचे

आंदोलन होईल तेव्हा होईल. पण हंगाम थांबत नाही. म्हणून एवढे करा.

फवारणी संपली की पंपाची टाकी रिकामी करा आणि इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे कारबोरेटरही कोरडा होईल. काढलेले पेट्रोल बिनऑइलचे आणि स्वच्छ असेल तर मोटारसायकलमध्ये टाकून संपवा. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढू नका. पेट्रोल पोटात किंवा छातीत गेले तर जिवावर बेतते.

पंधरा दिवसांना लागेल तेवढेच पेट्रोल आणा. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कॅनमध्ये, सावलीत, चुलीपासून दूर ठेवा. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या वापरू नका. उन्हाळ्यात टाकी काठोकाठ भरू नका, फुगायला जागा ठेवा. पावसाळ्यात रोजच्या गाडीची टाकी अर्ध्याच्या वर ठेवा, म्हणजे आत दमट हवा कमी राहील. झाकणाची रबरी चकती पाहा, ती दहा-वीस रुपयांची असते. जुनी रबरी नळी कडक किंवा फुगलेली दिसली तर बदला.

इथेनॉल किती आहे ते घरीच कळते. मापाच्या उंच काचेच्या भांड्यात शंभर मिली पेट्रोल घ्या, त्यात दहा मिली पाणी घाला, हलवून ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते. खालचा थर दहाचा तीसच्या आसपास झाला तर पेट्रोलमध्ये साधारण वीस टक्के इथेनॉल आहे. हे काम अंगणात करा, विडी-काडी जवळ नको.

पंपावर बिल मागा. फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचे शिक्क्याचे माप मागणे हा गिऱ्हाईकाचा हक्क आहे. गाडी पेट्रोल भरल्याबरोबर बंद पडली तर टाकीतले पेट्रोल फेकू नका. दोन जणांसमोर काचेच्या बाटलीत काढा, बिल जोडा आणि बाटली जपून बैठकीला घेऊन या. बैठकीत दहा गावांच्या दहा बाटल्या एका ओळीत मांडू. कोणत्या पंपाचे, कोणत्या तारखेचे, थर किती, सगळे लिहून घेऊ आणि ती ओळ घेऊनच जिल्हाधिकारी कचेरीवर जाऊ.

साहेबांना भाषण ऐकायचे नसेल तर त्यांनी ऐकू नये. बाटलीतले दोन थर पाहायला कान लागत नाहीत. वरच्या थराचे पैसे आपण मोजले आहेत आणि खालच्या थरातला मकाही आपलाच आहे. दोन्हींचा हिशोब घेतल्याशिवाय या वेळी उठायचे नाही.